कागदाचा की माणसाचा

—नाय मॅडम, त्या खुर्चीत नका बसू, ती ह्यांची हाय. बसलात म्हणून तसं काय बिघडत नाय, पण आल्या आल्या ते पाठीला हात लावून बघतात, आणि जागची हललेली लागली की मग दिवसभर कुरकुर – कोण आलं होतं, कुणी ओढली, कशाला ओढली. तुम्ही इथं बसा, पंख्याखाली. येतील हो, म्हटलं ना, येतीलच. लांब नाय गेलेत, हे इथं बाजारपेठेत मुरारीचं औषधांचं दुकान हाय, तिथं. जेवण झालं की रोज जातात. मुरारी पेपर वाचतो आणि हे ऐक– म्हणजे हेही वाचतात. दोघं वाचतात. पेपर असतो ना तिथं. सरबत करू का? वरंध्याच्या घाटातून आलात, पोटात ढवळलं असेल. मी तिकडचीच, माहेर वरंधचं माझं, पण इतकी वर्षं झाली तरी त्या वळणांवर मला खिडकीच लागते. नको? बरं, पाणी तरी घ्या. माठातलं हाय.

माहितीय मला, फोनवर सांगितलंत तुम्ही सगळं. ज्याच्या नावावर खातं, त्यानंच तुमच्यासमोर बसून खराब झालेला फोटो दुरुस्त करायचा, आणि मग तुम्ही विचारणार – काय पुसलं, काय ठेवलं, का ठेवलं. चुकीचं नाय काय त्यात. फोटो पाठवणारा तो तिकडं इंग्लंडात बसलेला माणूस, त्याला काय दिसणार इकडं महाडात माउस कुणाच्या हातात हाय. चाचणीला एक जण बसतो आणि कामाला दुसराच, असं चालतं सगळीकडे, तुम्हीच म्हणालात ना? मी असते तर मीही माणूस पाठवला असता. पण आमच्यात तसं नाय. आमच्यात चाचणीलाही तेच आणि कामालाही तेच. तेच म्हणजे – तेच हो, ज्यांचं नाव तुमच्या कागदावर हाय. मला नाव घ्यायची सवय नाय त्यांचं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तुमच्या कंपनीला मेल पाठवताना मात्र रोज खाली टाइप करावं लागतं – अवधूत. बघा, आलं तोंडात. बोटांनी चालतं, तोंडानं घ्यायचं म्हटलं की कसंतरीच होतं. ते सांगतात आणि मी नुसतं टाइप करते, बरं का. हसलात, बरं वाटलं. मघापासून अशा बसलात की मला वाटलं निकाल पुण्याहून लिहूनच आणलाय.

एक करू का मॅडम? ते येईस्तोवर मी मशीन चालू करून फोटो उघडून ठेवते. लाइटचा भरवसा नाय इथं, लोडशेडिंगची वेळ पेपरात एक छापतात आणि जाते भलत्याच वेळी, आणि आमचा इन्व्हर्टर पुरात गेला तो गेलाच. अर्ध्यात लाइट गेली तर तुमची खेप फुकट. द्या तो पेनड्राइव्ह. द्या हो, मी काय खाणार नाय त्याला. रोजच करते मी एवढं त्यांच्यासाठी – उघडायचं, मोठं करायचं, ठिपके पुसायचे. हाताखालची बाई समजा. ते सांगतात, मी माउस फिरवते. म्हणजे बारीकसारीक. अवघड काम त्यांचंच – थांबा, उघडला.

हां. म्हातारा हाय. हॅटवाला. पाण्यात भिजलाय हो हा फोटो, आणि भिजल्यावर दुसऱ्या कागदाला चिकटून वाळलाय, मग कुणीतरी घाईनं ओढून काढला, म्हणून ही साल गेलीय खांद्याची. असले फोटो मी लय बघितलेत. पूर ओसरला तेव्हा लोक चिखलाचे गठ्ठे घेऊन यायचे आमच्याकडे – फोटोवाले, ह्यात माझी आई हाय, हिला काढा. आमचंच दुकान तेव्हा छतापर्यंत बुडलेलं, गोदावरी फोटो स्टुडिओ, खाली रस्त्यावर होतं, गोदावरी म्हणजे माझ्या सासूबाई. महाडातली निम्मी लग्नं त्या कपाटात होती, निगेटिव्ह सगळ्या, एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली. हे त्या विटेला कोमट पाण्यात घालून बसायचे आणि एक एक पापुद्रा सोडवायचे. निघालं काय नाय. पण उठायचे नायत. हे ठिपके बुरशीचे, हे आधी घेते, हे सोप्पे असतात. आणि ही घडी, ह्या कोपऱ्यातनं निघून थेट गालावरनं – काय म्हणालात?

फिरवते कोण, म्हणजे? मघाशी मी म्हटलं ते होय. अहो ते – बोलायची पद्धत. – नाय, म्हणजे – बघा मॅडम, तुम्हाला खोटं सांगून मला कुठं जायचंय. त्यांना साखर हाय. लय वर्षांची. डोळ्यांच्या पडद्याला रक्त उतरलं दोन्हीकडे, पुराच्या पुढच्या वर्षी. पुण्याला नेलं, लेझर केलं, डॉक्टर म्हणाले हाय तेवढी टिकली तर टिकली. टिकली नाय. उजेड-अंधार कळतो, माणूस समोर उभा हाय एवढं कळतं. कोण ते आवाजावरनं. पण ऐका, ऐका ना, लगेच लिहू नका. ते पेन खाली ठेवा जरा. डोळे गेले म्हणून कसब जातं का? तीस वर्षं पेन्सिलनं निगेटिव्हवर काम केलंय त्या माणसानं, काचेखाली दिवा लावून, श्वास रोखून. मी इथं बसते, ते तिथं, त्या खुर्चीत. मी सांगते – अहो, कपाळावर काळं आलंय, असं असं. ते सांगतात – तिथून थोडं घे, इथं थोडं सोड. कसब त्यांचं, हात माझा. कुणाचं म्हणाल तुम्ही हे काम? त्यांचंच ना? मुलीनं खातं काढलं ठाण्याहून तेव्हा तिनंही बाबांचंच नाव घातलं, विचारायची गरज पडली नाय कुणाला. मलाही नाय पडली.

आणि तुम्हाला त्यांचं काम माहीत नाय. आमच्याकडे मॅडम, फोटो बहुतेकदा माणूस गेल्यावरच लागतो. जिवंतपणी कोण काढतंय. डोंगरावरच्या वाड्यांतनं लोक यायचे, पोलादपूरपासनं, कशेडीपासनं – आई गेली, फोटो एकच, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ही मागं उभी, डोळे मिटलेले, डोक्यावरनं पदर ओढलेला. हे त्यातनं त्या बाईला बाहेर काढायचे. डोळे उघडायचे तिचे. कपाळाला कुंकू द्यायचे, नीट पदर द्यायचे. आणि व्यंग असेल ते काढायचे. हे महत्त्वाचं. आमच्यात भिंतीवर लागतो तो माणूस गेलेला असतो, त्याला हार घालायचा, हात जोडायचे, मग त्याला चामखीळ नको, कोड नको, देवी आलेल्यांचे खड्डे नको. जे काय भोगायचं ते इथं भोगून झालं, वर जाताना अंग स्वच्छ. सोनबा म्हणून होता कशेडीकडचा, गुरंवाला, त्याच्या आईला गळ्याला ही एवढी गाठ. रेशनकार्डावरचा फोटो आणलेला. ह्यांनी गाठ काढली, गळा केला, त्यात काळी पोत घातली. सोनबा बघतच राहिला, आणि खाली वाकून पाया पडला ह्यांच्या, भर दुकानात. म्हणाला, माझी आय सुटली. मी तिथं फोटो वाळत घालत होते, माझ्याही डोळ्याला पाणी आलं. तेव्हा हे चुकीचं काम करत होते असं मला कुणी सांगू नये. कुणी नाय सांगायचं.

नाय, तुमच्यावर नाय चिडले. चिडले असेन तर माफ करा.

फोटोशॉप होय? मी शिकले. इथंच, क्लासला, एमएससीआयटी केलं आधी, मग त्या सरांनी पुढचं दाखवलं. कॉलेजच्या पोरी बसायच्या शेजारी, त्या म्हणायच्या काकू, तुम्ही माउस असा धरता जसं लाटणं धरलंय. हसू देत. हे म्हणाले, तू फक्त हात शिकून ये, बाकी मी हाय. मी हात शिकून आले. तुमच्या कंपनीनं ते पहिले फोटो पाठवले ना चाचणीचे, तेव्हा आम्ही दोघं असेच बसलो. एका बाईचा होता, खिडकीशी बसलेली, अर्धं तोंड सावलीत. हे म्हणाले, सावली काढ, तोंड उजळ कर, मागचं सगळं काळं कर. मी माउस घेतला आणि – कसं सांगू तुम्हाला – सावलीतच ती बाई छान होती हो. सावली काढली तर मागं उरत काय नव्हतं. मी नुसती चीर बुजवली आणि ठिपके घेतले. ह्यांनी विचारलं, केलंस? मी म्हटलं, केलं. पहिल्यांदा. लग्न झाल्यापासनं त्या दिवसापर्यंत मी त्यांना खोटं बोलले नव्हते, साधं भाजीचं बोलले नव्हते. आणि तुमच्या लोकांचं आलं – प्रकाशाला हात लावला नाही, उत्तम नजर. मी वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं मला. नजर शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात तेही विचारलं. मग सगळ्या बाजारपेठेत सांगून आले – विलायतेत म्हणतात ह्या माणसाला नजर हाय.

मग पुढं तसंच पडलं. ते सांगायचे, मी हो म्हणायचे, आणि मला दिसेल तसं करायचे. सगळंच उलटं नाय, काही काही त्यांचं बरोबर असायचं, केसांचं, कापडाचं फार बारीक कळतं त्यांना. पण तोंडाचं नाय. तोंडाचं ते अजून सोनबाच्या आईसारखं सांगायचे. हो, म्हणजे तेच सांगतेय मी, तुम्ही ओळखलंत. तुमच्या कंपनीनं जे जे चांगलं म्हटलं ते माझं होतं. झालं समाधान? लिहा आता. – नका लिहू. बाय माझे, नको गो लिहू अजून, पुरं ऐक. तुम्ही म्हटलं पाहिजे मी, चुकले. पुरं ऐका.

ती तक्रार आली ना, जिच्यामुळं तुम्ही घाट उतरून आलात. ती फोटोतली मुलगी, गालावर कानापासनं ओठापर्यंत डाग, जन्मखूण. त्या दिवशी सकाळी हे मुरारीकडनं लवकर परत आले. तिथं कुणीतरी म्हणालं होतं म्हणे – हल्ली वहिनीच करतात ना सगळं, तुम्ही नुसते शेजारी. मस्करी केली असेल कुणी. हे येऊन बसले आणि म्हणाले, सुरेखा, तू माझं ऐकतेस ना? का आपल्या मनानं करतेस? माझ्या नावानं सांग. आता काय सांगायचं मी मॅडम? मी म्हटलं, तुम्ही सांगाल तेच करते. आणि त्या दिवशी केलं. मनात आलं, आज तरी खरं असू दे. मी सांगितलं, मुलीच्या गालावर डाग हाय. ते म्हणाले, काढ. मी म्हटलं, मोठा हाय, जन्माचा वाटतो. ते म्हणाले, मग तर आधी काढ, पोरीचा जन्म सुधारेल. काढला. सुरेख काढला, कळणार नाय कुणाला. आणि इंग्लंडातल्या ज्या बाईनं फोटो पाठवला होता तिचं आलं – ही कोण? ही माझी बहीण नाही. लहानपणी वारलेली बहीण, एवढा एकच फोटो, आणि त्या डागावरून ती तिला ओळखायची. मी डिक्शनरी घेऊन वाचलं ते, एकेक शब्द. ज्या दिवशी मी ऐकलं, नेमकं त्याच दिवशी चुकलं. ह्यांना काय वाचून दाखवलं विचारा. वाचून दाखवलं – बहीण सुंदर झाली, देव तुमचं भलं करो.

हो, त्यांना माहीत नाय. तक्रार माहीत नाय, काम बंद झालंय तेही माहीत नाय. तुमच्याकडनं तेव्हापासनं एक फोटो आला नाय, पण आम्ही रोज बसतो. हसू नका. मी जुने उघडते, झालेले, आधीच दिलेले. सांगते, आज एक म्हातारी आलीय, दात नायत. ते सांगतात, ओठ जरा भर. मी माउस फिरवते इकडं तिकडं, टकटक वाजवते, म्हणते, भरला. मग चहा होतो. घर त्यावर चालत नाय हे उघड हाय, पोलादपूरच्या शाळेची ओळखपत्रं आणते मी, ती प्लास्टिकमध्ये बसवून देते स्वयंपाकघरात बसून. मशीनचा वास आला की म्हणते, शेजारी काहीतरी जळतंय. वेड लागायची वेळ आलीय मला. पण काय करू ते सांगा. डोळे गेले आणि दुकान गेलं तेव्हा सहा महिने हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. जेवण दिलं तर जेवायचे, नाय दिलं तर मागायचे नायत. एक दिवस घरात नायत. चांगू रिक्षावाला घेऊन आला सावित्रीच्या पुलावरनं. म्हणाला, वहिनी, कठड्याला धरून उभे होते, पाणी चढलेलं, मी हाक मारली तर दचकले. हे म्हणाले, वारा खायला गेलो होतो. मी काय म्हणणार, म्हटलं, मला न्यायचं होतंत बरोबर. त्यानंतर हे तुमचं काम आलं. आले उठून. दाढी करायला लागले, शर्ट इस्त्रीचा मागायला लागले. मला हे काम पाहिजे मॅडम. कुठल्याही अटीवर पाहिजे. घरासाठी पाहिजे हे तर हायच, पण मला तो माणूस त्या खुर्चीत बसलेला पाहिजे.

झालं बघा, ठिपके गेले. खांद्याची साल पण भरली, कापडाचा धागा असा तिरका जातो, तसाच नेलाय. आता गाल. इथंच तुमची गंमत हाय ना? बघा, दोन रेघा हायत, जवळजवळ, एकीत एक मिसळलेल्या. एकदम दोन्ही पुसायचा मोह होतो. पण ही वरची हाय ना, ही गालावरनं निघून हॅटच्या कडेवरनं जाते आणि मागच्या भिंतीवर पण हाय. माणसाची रेघ भिंतीवर कशी जाईल? ही कागदाची. घडी. ही जाणार. आणि ही खालची – ही जबड्याशी येऊन आत वळते, गालाबरोबर वळते, आणि हिच्या कडेला उजेड पडलाय, चामडी जरा उचललेली असते ना तसा. ही त्याची. वण हाय हा. कधीतरी लागलेलं, नीट शिवलेलं नाय. ही राहणार. ह्या रेघेशिवाय हा माणूस घरी गेला तर दार नाय उघडणार कुणी.

बघताय ना माझ्याकडे? बघा, लाजू नका. आल्यापासनं बघताय आणि नजर काढून घेताय. भाजल्याचं हाय. लहानपणी, उकळतं दूध. मानेपासनं इथवर. लग्नाला उभी राहिले तेव्हा सगळे ह्याच बाजूला बघत होते. आणि लग्नाचा फोटो ह्यांनी स्वतः केला, रात्र रात्र बसून, आणि आणून हातात दिला – बघ, कशी दिसतेस. गळा असा, केळीच्या गाभ्यासारखा. डाग नाय, काय नाय. मी तेव्हा खूश झाले हो, खोटं कशाला बोलू, मला वाटलं ह्यांना मी अशी दिसते. प्रेमानंच केलं होतं त्यांनी. पुढं भिंतीवर लागला तो फोटो, आणि मी केर काढताना रोज त्या बाईकडं बघायचे. ती ह्यांची बायको. मग मी कोण? पुरात तो फोटो गेला, सगळ्या घरानं हळहळ केली, आणि मला – सांगू नये कुणाला – मला सुटल्यासारखं झालं. त्या विलायतेतल्या बाईनं लिहिलं ना, ही कोण, तेव्हा डिक्शनरी बाजूला ठेवून मी रडले. तुम्हाला वाटेल काम गेलं म्हणून. काम तर गेलंच होतं.

घ्या. झाला. सेव्ह केला तुमच्या पेनड्राइव्हवर. जवळनं बघा, पाहिजे तेवढा मोठा करा.

–

खरंच? नाय, तुम्ही म्हणताय तर – पास म्हणजे, काम परत सुरू? तुम्ही असं सरळ सांगाल असं वाटलं नव्हतं मला. देव तुमचं – मग लिहा ना नाव, तुमच्या कागदावर हाय तेच, अवधूत. बघा, परत घेतलं, तुमच्यासाठी काय काय करतेय मी. लिहा आणि तुमची सही करा. – म्हणजे? का नाय? फोटो झाला ना? तुम्ही बघितला ना डोळ्यांनी? त्यांना कशाला विचारायचं? ते येतील, दमलेले असतील, तुम्ही म्हणणार गालावरची रेघ का ठेवली, ते म्हणणार कुठली रेघ. ते म्हणणार, रेघ काढायला पाहिजे. ते तेच म्हणणार, मी सांगते तुम्हाला, आणि तुम्ही मग ती इंग्लंडची बाई काढणार. मी आधी जिन्यात गाठून पढवू का त्यांना? वण हाय, ठेवलाय, असं म्हणा म्हणून? ते विचारतील, कुणी ठेवला? मग?

नाव बदलायचं? माझं? माझ्या नावावर, असं होतं? – नाय, कळलं मला, पण. सुरेखा अवधूत. त्यावर माझं नाव. खाली मेलमध्ये पण माझंच टाइप करायचं, रोज. – मला पाहिजे हो. का नको असेल? मला इतकं पाहिजे की मला माझीच भीती वाटते. किती वेळा तुमच्या लोकांचं कौतुक वाचून दाखवताना ओठावर आलंय, की अहो, हे मला म्हणतायत. पण त्यासाठी त्यांना सांगायला लागेल. तुम्ही नियमानं बांधलेल्या, कळतंय मला, दोन्हीकडनं सांगायलाच लागेल. एवढं करा, आजच्या दिवस जा. उद्या मी फोन करते. आज एवढा चहा घ्या आणि –

आले. ते बघा, काठी वाजली. खाली कुळकर्ण्यांशी बोलतायत. आता काय करू मी? तुम्ही बोलू नका हं, एक शब्द बोलू नका, मी सांगते पुतणी आलीय, चपला बघून विचारतील ते – चपला दिसत नायत त्यांना, काय बोलतेय मी. तुमच्या पावडरीचा वास येईल. पुण्याची बाई, पेन, कागद. विचारतीलच. आणि तुम्ही गप्प बसणाऱ्यातल्या नाय, तोंड बघितलं तरी कळतं. बसा. नाय, उठू नका आता, उशीर झाला. तुमच्या तोंडून त्यांना कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळू दे. डोळ्यांवरची पट्टी परक्या माणसानं सोडू नये.

या. सावकाश. हो, आल्यात, पुण्याच्या कंपनीच्या मॅडम. तपासायला. खुर्ची जागेवरच हाय. बसा ना आधी. – नाय, फोटो झाला. मीच केला. अहो ऐका. म्हाताऱ्याच्या गालावर वण होता. मी ठेवलाय. – नाय काढला. काढायचा नव्हता तो. – हो, माझ्या मनानं. – आजच नाय. पहिल्यापासनं. ती खिडकीतली बाई होती ना, तेव्हापासनं. नजर हाय म्हणाले ते त्यावर. आणि ती मुलगी, डागवाली, ती मात्र तुमच्या सांगण्यावरनं केली, आणि त्या बाईला ती ओळखू आली नाय. काम बंद हाय तेव्हापासनं. जुने फोटो उघडत होते मी. – अहो, काठी ठेवा खाली. मला काय पाहिजे ते बोला. मारा पण बोला.

काय म्हणालात? – मग इतके दिवस तुम्ही काय करत होतात, असं विचारताय?

तुम्ही – अहो, तुम्ही शेजारी बसत होतात. माझ्या शेजारी. तेवढ्यावर होत होतं माझ्याच्यानं. उठू नका. कुठं निघालात? बसा म्हणते ना. मी धरलाय तुमचा हात, मी नाय सोडत.

मॅडम, तुम्ही निघा. नाव काय लिहायचं ते लिहा नायतर नका लिहू, मला आता काय विचारू नका. जाताना खालचं दार बाहेरून ओढून घ्या. कडी घाला, आज ह्यांना एकट्यानं बाहेर पडू द्यायचं नाय मला. निघा तुम्ही.